डिझेल गाडी सुरू करताना आणि बंद करताना

ताई, तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत, तेव्हा बाकीच्या वाचकांसाठी ते आधी मांडतो. लायसन्स नुकतंच हातात आलंय. मिस्टर तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बोटीवर, त्यामुळे घरची २०१४ सालची डिझेल गाडी आता तुम्हालाच चालवायची आहे. घर गोव्यात फोंड्याजवळ, चढावर. चावी फिरवताच गाडीने दोनदा उडी मारली आणि तेव्हापासून धास्ती बसलीय. सासरे सांगतात, सकाळी पाच मिनिटं रेस देऊन इंजिन गरम केल्याशिवाय निघायचं नाही. शेजारी सांगतात, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली की डिझेल वाचतं. आणि शेवटचं, गाडी उभीच असते त्या दिवसांत आठवड्यातून एकदा नुसती सुरू करून ठेवली तर पुरे का?

मी गॅरेज चालवतो. इंजिनं खोलण्यातच आयुष्य गेलं, तरी पहिली गोष्ट सांगेन ती इंजिनाची नाही. चावीला हात लावण्याआधी गाडी जागेला खिळलेली आहे ना, हे बघायचं. बंद करतानाही तेच: गाडी आधी खिळवायची, इंजिन मग बंद करायचं. पुढे जे काही लिहितोय ते याच क्रमाला धरून आहे, कारण आपल्याकडे जमीन सपाट अशी सापडतच नाही. पणजीत आल्तिनो, मडगावात मोंत, पर्वरी, फोंडा, कुठेही बघा, एका चाकाला तरी उतार असतोच.

गाडी उडी का मारते ते आधी समजून घ्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये असते, क्लच दाबलेला नसतो आणि तुम्ही चावी फिरवता. सेल्फ म्हणजे जोरदार इलेक्ट्रिक मोटर, ती इंजिन फिरवते. गिअर पडलेला असल्यामुळे इंजिनाबरोबर चाकंही फिरतात आणि गाडी हातभर पुढे जाते. पुढे भिंत असेल तर बंपर जातो, पोर असेल तर काय होईल ते मी लिहीत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. तुमच्या गाडीत ती सोय असेलच असं नाही, म्हणून सवय स्वतःच्या पायाला लावायची.

बसल्यावर हँडब्रेक ओढलेला आहे का ते हाताने तपासा, नुसतं बघू नका. उजवा पाय ब्रेकवर, डावा पाय क्लचवर पूर्ण खाली. मग गिअरचा दांडा न्यूट्रलला आणून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. सैल हलला म्हणजे न्यूट्रल. आता चावी. आणि हे सगळं सीटवर बसूनच. दारात उभं राहून खिडकीतून हात घालून चावी फिरवायची पद्धत आपल्याकडे फार आहे, गाडी थंड होऊ दे, एसी लावून ठेवतो म्हणून. गिअर पडलेला असेल तर तेव्हा ब्रेकवर पाय ठेवायला गाडीत कोणीच नसतं. ही सवय घरातल्या कोणालाही असेल तर आजच मोडा. पोरांच्या हाती चावी देऊन "जरा सुरू कर" म्हणणं हा त्यातलाच प्रकार.

चावी एकदम शेवटपर्यंत फिरवायची नाही. ऑनवर आणून थांबा. मीटरमध्ये एकदम बरेच दिवे लागतात. लाल तेलाच्या झारीचा दिवा ऑइल प्रेशरचा, लाल बॅटरीचा दिवा चार्जिंगचा, पिवळा इंजिनाच्या आकाराचा दिवा, एअरबॅगचा, एबीएसचा. हे दिवे त्या क्षणी लागायलाच हवेत. एखादा लागतच नसेल तर गाडी चांगली आहे असं समजू नका. बल्ब गेलेला असतो, वायर तुटलेली असते किंवा कोणीतरी दोष लपवायला तो मुद्दाम काढलेला असतो. जुनी गाडी विकत घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो.

डिझेल गाडीत आणखी एक पिवळा दिवा असतो, गुंडाळलेल्या तारेसारखा. तो हीटर प्लगचा, म्हणजे ग्लो प्लगचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. इंजिन गार असेल तर ही हवा पुरेशी तापत नाही, म्हणून प्लग तिला मदत करतो. आपल्या हवेत हा दिवा बहुधा क्षणभरात विझतो. डिसेंबरात सत्तरी तालुक्याकडे पहाटे गारवा असतो, तेव्हा किंचित जास्त राहील. तो विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. पेट्रोल गाडीतही ऑनवर दोन सेकंद थांबलेलं बरं, तेवढ्यात टाकीतला पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो. कान दिला तर मागच्या सीटखालून बारीक घूंऽऽ असा आवाज येतो.

सेल्फ मारताना एस्किलेटरवर पाय नको. इंजेक्शनच्या गाडीला किती डिझेल लागतं ते कॉम्प्युटर ठरवतो. चांगली गाडी एक-दोन सेकंदांत लागते. नाही लागली तर दहा सेकंदांच्या वर चावी धरून ठेवू नका. सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा प्रयत्न करा. सेल्फ शेकडो अँपिअर करंट ओढतो, सलग मारत राहिलात तर मोटर तापून जळते आणि बॅटरीही बसते. तीन-चार वेळा करून नाही लागली तर पाचव्यांदा लागेल असं कारण नाही, तेव्हा दोष शोधायला घ्यायचा. इंजिन लागलं की चावी तत्काळ सोडा. चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला की जो खर्रकन् आवाज येतो तो सेल्फच्या दात्यांचा असतो.

लागल्यावर डोळे ऑइलच्या लाल दिव्यावर. दोन-तीन सेकंदांत तो विझला पाहिजे. नाही विझला, किंवा चालवताना मध्येच लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. गॅरेज दोनशे मीटरवर आहे म्हणून तेवढं चालवत आणलेल्या गाडीची बेअरिंगं मी काढलेली आहेत. चकचकीत असायला हवं ते धातूचं कवच काळं पडून पापुद्र्यासारखं सुटलेलं होतं, आणि क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, नखाला लागतील असे चरे. लाल दिवा म्हणजे आत्ता थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ. हा दिवा ऑइलचं प्रेशर दाखवतो, पातळी नव्हे. पातळी डिपस्टिकवरच बघायची. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली, काडी पुसून परत घालून काढायची, तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. तुमच्या अंगणात उतार असेल तर हे पेट्रोल पंपावर किंवा देवळासमोरच्या मोकळ्या जागेत करा, उतारावर काडी खोटं सांगते.

आता एक तपासणी सांगतो, ती रोज फुकटात होते आणि फार कमी लोक करतात. इंजिन बंद असतानाच ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक होतं. तसंच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. इंजिन लागताच पेडल तुमच्या पायाखाली किंचित खाली जायला हवं. गेलं, म्हणजे ब्रेकचा बूस्टर, तुमच्या पायाच्या जोरात भर घालणारा भाग, काम करतोय. दगडासारखं कडकच राहिलं तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. ही तपासणी एकदा पायाने अनुभवलीत की शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं काय करायचं ते वेगळं सांगावं लागणार नाही. तरी त्याकडे येतोच.

आधी सासऱ्यांचं बघू. त्यांनी चालवल्या त्या काळातल्या कार्ब्युरेटरच्या आणि जुन्या डिझेल गाड्यांना ते बरोबर होतं. चोक ओढायचा, इंजिन आपल्या पायावर उभं राहीपर्यंत पायाने सांभाळायचं, असं करावंच लागे. आज गोव्याच्या हवेत, जिथे कडाक्याची थंडी पडतच नाही, पाच मिनिटं उभ्याने गरम करणं वाया आहे. नुसतं आयडलवर, म्हणजे रेस न देता उभ्याने चालू ठेवलं, तर इंजिन फार हळू तापतं आणि तोवर डिझेल अर्धवट जळत असतं. गार इंजिनाला रेस देणं तर सरळ नुकसान. तेल अजून वरपर्यंत पोचलेलं नसतं, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, आणि टर्बो जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या थराशिवाय त्याला पळवायचं म्हणजे धातूवर धातू. म्हणून असं करा: इंजिन लागल्यावर बेल्ट लावा, आरसे बघा, दिवे विझले का बघा, यात अर्धा मिनिट जातो. मग निघा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. गिअर लवकर बदला, ओव्हरटेक नको. इंजिन, गिअरबॉक्स, टायर सगळं एकत्र तापतं. सासऱ्यांना असंच सांगा की त्यांची काळजी योग्य आहे, फक्त ती आता चालत्या गाडीत घ्यायची.

गरम करण्यावरून आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. पावसाळ्यात गाडी पडवीत किंवा बंद शेडमध्ये ठेवतात आणि शटर खाली असतानाच सुरू करतात. सायलेन्सरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. आधी शटर वर, मग चावी. त्याच कारणाने बंद काचांच्या उभ्या गाडीत एसी लावून झोपायचं नाही. लग्नाला, जत्रेला रात्री थांबलेले ड्रायव्हर हे सर्रास करतात. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर त्याला माझं नाव घेऊन रागवा.

आता उतार. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की तीन गोष्टी जातात. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो, त्यानंतर पेडल ते सकाळच्या तपासणीतलं कडक पेडल होतं, फक्त आता गाडी उतारावर धावत असते. पॉवर स्टीअरिंग जातं. आणि चावी चुकून लॉकपर्यंत फिरली, बाहेर आली, तर स्टीअरिंगच अडकतं. अनमोड घाटात किंवा चोर्ल्याला एका वळणावर हे झालं तर पुढे काही करायला उरत नाही. एवढा धोका पत्करून वाचतं काय? काहीच नाही. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून, पाय एस्किलेटरवरून काढून उतरवली तर चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर डिझेल पूर्ण बंद करतो. इंजिनाचे फेरे आयडलच्या जवळ आले की तेवढं परत सुरू करतो. उलट न्यूट्रलला टाकलीत तर इंजिनाला आयडलवर जिवंत ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरणं हे सुरक्षितही आणि स्वस्तही. शेजाऱ्यांना हे सांगून बघा. पटलं नाही तरी तुम्ही मात्र ऐकू नका.

चढावर गाडी बंद पडली तर? नव्या चालकाची खरी परीक्षा हीच. मागून हॉर्न वाजतील, वाजू देत. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक वर, क्लच खाली, न्यूट्रल, चावी. तोच अंगणातला क्रम. सुरू झाल्यावर पहिला गिअर, थोडी रेस, क्लच सोडत गाडीचं नाक किंचित उचललं जाईपर्यंत, आणि मग हँडब्रेक खाली. हे एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या चढावर दहा-वीस वेळा करा, म्हणजे बाजाराच्या दिवशी हात आपोआप चालतील.

फेरीबोटीचं वेगळं सांगायला हवं. रायबंदर-चोडण, दिवाडी, पणजी-बेती, कुठेही जा, बोटीवर गाडी चढली की हँडब्रेक, इंजिन बंद, गिअर. बोट धक्क्याला लागताना हिसका बसतो, गाड्यांमध्ये हातभर अंतर असतं आणि पुढे पाणी असतं. खरी चूक होते ती उतरताना. बोट लागायच्या आधीच लोक चावी फिरवतात, गाडी गिअरमध्येच असते. म्हणून रॅम्प पूर्ण खाली येऊन बोटीवरचा माणूस हात करीपर्यंत चावीला हात नको, आणि मग पुन्हा तोच क्रम, दांडा हलवून बघण्यासकट. रॅम्पवर भरतीचं पाणी आणि शेवाळ असतं, तिथे हळू.

बंद करण्याकडे येतो. गाडी पूर्ण थांबली, पाय ब्रेकवर. न्यूट्रल, हँडब्रेक. आता पाय ब्रेकवरून हळूच काढा आणि बघा, हँडब्रेक गाडीचं वजन पेलतोय का. पेलला, की परत ब्रेक दाबून इंजिन बंद करा आणि मग गिअर घाला: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकवाल्यांनीही असंच, हँडब्रेकवर वजन टाकून मगच पी, म्हणजे पार्किंग. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं आणि सकाळी पीमधून काढताना ठक्क असा आवाज होतो. उतारावर चाकंही वळवून ठेवा. नियम पाठ करण्यापेक्षा डोळ्यांसमोर आणा की ब्रेक सुटला तर गाडी कुठे जाईल, आणि चाकं अशी वळवा की ती लगेच चिऱ्यांच्या गडग्याला किंवा कठड्याला टेकेल, रस्त्यावर सुटणार नाही. तीव्र उतार असेल तर चाकाला दगड लावायला लाजू नका. आणि निघताना तो काढायला विसरू नका, तो दगड रात्री दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२६ मध्ये हेच आहे: सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप सरकणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. पाव आणायला उतरताना गाडी चालूच सोडणारे हा कायदा मोडत असतात.

टर्बोची गाडी लांबून, जोरात आली असेल तर चावी लगेच बंद करू नका. इंजिन थांबताच टर्बोला जाणारं तेल थांबतं, पण टर्बो तापलेलाच असतो आणि आत अडकलेलं तेल जळून कोळशासारखं बसतं. घाट चढून वर चहाला थांबलात की मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. रोजच्या फोंडा बाजाराच्या फेरीला याची गरज नाही. शेवटची गल्ली हळू आलात तेवढ्यात तो गार झालेला असतो. २०२० नंतरच्या बीएस सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, डिझेल गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना एक सूचना: थांबलात आणि आयडल नेहमीपेक्षा वर आहे, पंखा जोरात फिरतोय, असं दिसलं तर सायलेन्सरमधला फिल्टर काजळी जाळत असण्याची शक्यता असते. जमल्यास आणखी थोडा वेळ चालवून मग बंद करा. रोज मध्येच तोडत राहिलात तर फिल्टर तुंबतो.

क्वचित घडतं, पण डिझेलवाल्याला माहीत हवं: चावी बंद केली आणि इंजिन थांबत नाही, उलट आवाज वाढत जातो, मागून निळसर-पांढऱ्या धुराचे लोट. टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच तेल पीत असतं, त्यामुळे चावीचा उपयोग राहत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर घाला आणि क्लच एकदम सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर सगळे उतरून लांब व्हा. बॉनेट उघडून हवेच्या पाइपवर हात धरायचा नाही.

चालवताना एस्किलेटर अडकला, पायाखालची मॅट सरकून बसली, तर पहिली प्रतिक्रिया चावी बंद करण्याची नको, कारण वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी जातील. न्यूट्रल करा, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, बाजूला घ्या, थांबल्यावर बंद करा. इंजिन ओरडेल, ओरडू दे. बटनाच्या गाड्यांत चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचंच झालं तर बहुतेकींत बटन तीनेक सेकंद दाबून धरावं लागतं. आपल्या गाडीच्या पुस्तकात ते पान एकदा वाचून ठेवा.

पावसाचं पाणी हा आमच्या गॅरेजचा दर जूनचा विषय. पणजीत 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर एक जोरदार सर आली की पाणी तुंबतं, खेड्यात ओहोळ रस्त्यावर येतात. पाण्यात गाडी बंद पडली तर, ताई, हात जोडून सांगतो, पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. असा रॉड मी बाकावर सरळ रॉडच्या शेजारी ठेवून लोकांना दाखवतो. बोटाएवढ्या जाडीचं पोलाद कमरेत मुरडलेलं असतं. एका सेल्फच्या हिसक्याने इंजिन अर्धं नवं करावं लागतं, आणि साधा विमा हा खर्च बहुधा देत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पुढचं रिन्यूअल करताना ते घ्या. गाडी ढकलून बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, टो करून आणा. उभी गाडी रात्रभर दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाण्यात होती, तरी हाच नियम, चावी ऑनलाही नको.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं सुरू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट. सुरू करताना सेल्फने जेवढा चार्ज खाल्ला तो दोन मिनिटांत भरून येत नाही, इंजिन तापत नाही, आणि जळताना तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते. एकतर आठवड्या-दहा दिवसांनी अर्धा तास खरंच चालवा, कवळ्याला किंवा मंगेशीला देवदर्शनाला जाऊन या. नाहीतर दोन-तीन महिने चालवणारच नसाल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. तशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, दमट हवेत ब्रेक लायनर ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागा, गिअर, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. समुद्राजवळच्या घरांत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. बऱ्याच दिवसांनी सुरू करताना आधी बॉनेट उघडून बघा: उंदरांनी वायर कुरतडल्या असतील, तेल-कूलंट उतरलं असेल, गाडीखाली डाग असतील.

बॅटरी उतरलीच, तर शेजारच्या गाडीवरून जंप घेता येतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक आपल्या बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम. काढताना बरोबर उलट. धक्का स्टार्ट मॅन्युअलला चालतो, दुसऱ्या गिअरमध्ये, पण तुमच्या उतारावर एकटीने करू नका. दिवे बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. कमी असतील तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासून घ्या.

गाडी लागत नसेल आणि मेकॅनिकला फोन करायचा असेल तर आवाज नीट ऐकून सांगा. चावी फिरवल्यावर टकटकटक असा भराभर आवाज म्हणजे बहुतेक बॅटरी अशक्त किंवा टर्मिनल सैल. एकच मोठा टक् आणि शांतता म्हणजे सेल्फ संशयित. काहीच आवाज नाही आणि मीटरवर चावीचं चित्र लुकलुकतंय म्हणजे गाडी चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी वापरून बघा. चावी फिरतच नाही म्हणजे स्टीअरिंग लॉक, ते डावी-उजवीकडे हलवत चावी हलकेच फिरवा, तेवढ्याने सुटेल. आणि इंजिन छान फिरतंय पण लागत नाही म्हणजे बहुतेक डिझेल पोचत नाही, टाकीचा काटा आधी बघा. एवढं फोनवर कळलं की येणारा माणूस बॅटरी घेऊन निघायचं, सेल्फ घेऊन निघायचं की टोइंगची गाडी सांगायची, ते तिथूनच ठरवतो.